अनामत ठेवलेली गुंडी

नागभीड जंक्शनच्या पलीकडे, छोटी लाइन वळण घेऊन नागपूरकडे निघते तिथं, रुळांना लागून पाच खोल्यांची एक रांग होती. वर कवेलूंचं छप्पर, पुढे सलग ओसरी, मागे चिंचेचं झाड आणि चिंचेपासून हाकेवर बोरिंगचा हातपंप. गाडी गेली की पाचही खोल्यांच्या कड्या वाजत. राहणाऱ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की एखादी गाडी उशिरा असली तर कड्या का वाजल्या नाहीत म्हणून माणसं दाराबाहेर येऊन पाहत. चार खोल्यांत भाडेकरू होते. शेवटच्या खोलीत मालकीण, आशाबाई रामटेके.

त्र्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर आशाबाई गेली. आजारी पडली नाही, कुणाला काही सांगून ठेवायला वेळ मिळाला नाही. मूलबाळ नव्हतं. खोल्या मात्र तिनं आधीच बहिणीच्या मुलीच्या, सत्यशीलाच्या नावानं करून ठेवल्या होत्या.

सत्यशीला माजरीला राहायची. नवरा हरिदास कोळशाच्या खाणीत होता. कंपनीचं क्वार्टर, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी पूड. मॅट्रिकची परीक्षा ती मावशीच्या घरी राहून पास झाली होती. तेव्हा या खोल्या नव्हत्या, मावसाजी रेल्वेत पॉइंट्समन होते आणि क्वार्टरमध्ये राहत होते. मावसाजी वारल्यावर मिळालेल्या पैशांतून मावशीनं एकेक खोली उभी केली. तोवर सत्यशीलाचं लग्न होऊन गेलं होतं, आणि नंतर ती यायची ती दोन दिवसांची पाहुणी म्हणून.

"विकून टाकू," हरिदास म्हणाला. "भद्रावतीत प्लॉट घेऊ. खोल्या सांभाळणं बायामाणसाचं काम नोहे."

"मावशी कोण होती मंग?" सत्यशीला म्हणाली, आणि ट्रंक भरायला घेतली.

ती नागभीडला आली तेव्हा गावाभोवती धानाचे पुंजने रचलेले होते आणि हवेला तणसाचा वास होता. घराबरोबर भाडेकरूही तिच्या वाट्याला आले, चिंच आणि बोरिंगची पायवाट आली तसेच. पहिल्या खोलीत गँगमन मुखरू बोरकुटे, तळोधीकडचा कुणबी, त्याची बायको कमला आणि मुलगी चंदा. दुसरीत कांताबाई, विधवा, स्टेशनबाहेर चहाची टपरी चालवणारी. पुढच्या दोन खोल्यांत एक शिंपी आणि एक पोस्टमन. सगळे तिच्याहून जुने. कुठल्या कवेलूतून पाणी गळतं, कुठलं दार पावसाळ्यात फुगतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि तिला विचारावं लागत होतं.

"मॅट्रिक मालकीण हाये बाप्पा," कांताबाई टपरीवर सांगायची. "काल शिडी लावून कवेलू मोजून राह्यली होती."

सत्यशीलानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी लावली. फुटलेली कवेलू बदलून घेतली, बोरिंगपाशी चिखल व्हायचा तिथं फरशी टाकली. मालकीण कसं व्हायचं हे कुणी शिकवत नाही. रोज काहीतरी करून ते व्हावं लागतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

मावशीच्या खोलीत भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर पितळेची भांडी पालथी घालून ठेवलेली, पाणी भरायच्या गुंड्या, एक घागर, एक हंडा. चुलीच्या धुरानं आणि वर्षांनी काळी पडलेली. त्यांतली एक गुंडी मावशीची, हे सत्यशीलाला माहीत होतं. खोल्यांच्या पहिल्या भाड्यातून मावशीनं ती घेतली होती आणि दुकानदाराकडून तिच्यावर चांगल्या मोठ्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव घालून घेतलं होतं. एक मावशीची, म्हणून सगळी मावशीची, असं सत्यशीलानं धरलं. फळीवर हात फिरवून पाहावं असं तिला वाटलं नाही.

त्या काळात घरोघर स्टील येत होतं. माजरीच्या क्वार्टरांत बाया एकमेकींना डबे दाखवत. संक्रांतीनंतर एका दुपारी ब्रह्मपुरीचा खुशाल भांडेवाला ओसरीपुढं सायकल लावून उभा राहिला. दोन्ही बाजूंनी पोती, वर चकचकीत बादल्या. मुखरू लाइनवर होता, कमला कुणाच्या तरी वावरात, कांताबाई टपरीवर. पितळ द्या, स्टील घ्या. सत्यशीलानं फळी रिकामी केली. मावशीची गुंडी तिनं क्षणभर बाजूला काढली होती. पण बादलीसाठी वजन थोडं कमी भरत होतं. तिनं तीही तागडीत ठेवली. द्यायचं भांडं कोण घासून देतं? काळी होती तशीच गेली.

संध्याकाळी कांताबाईनं दारातून पाहिलं. "नवं घेतलं काय वो? तोंड दिसते त्याच्यात," म्हणाली, आणि पुढे गेली.

फाल्गुनात मुखरू रिटायर झाला. रुळांच्या कडेचे पळस लाल झाले होते. एका सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो सत्यशीलाच्या ओसरीच्या काठावर येऊन बसला.

"बाई, खोली खाली करून राह्यलो. चंदाचं लगन जमलं, सिंदेवाहीले. गावाहूनच करतो आता, तळोधीहून."

"लय चांगलं झालं भाऊ. कधीचं हाये?"

"चैतात." तो थांबला. "मंग ते माहं अनामत ठेवलेलं होतं..."

"हो, डिपाजीट. मावशीनं मले काईच सांगतलं नाई. किती होते ते सांगा, तुमच्या शब्दावर देईन मी."

"किती नाई जी. गुंडी."

"गुंडी?"

"पितळेची. माह्या मायची. आशाबाई पैसे कुठी घेत होती? आमच्या सगळ्याईची भांडीच तं होती तिच्यापाशी." असं म्हणत त्यानं मान वळवून आतल्या फळीकडे पाहिलं. फळीवर स्टीलचे डबे ओळीनं उभे होते. तो डब्यांकडे बघत राहिला, मग सत्यशीलाकडे बघितलं. तिला जे बोलायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर आधीच आलं होतं.

"मोडीत देल्ली," ती म्हणाली. "मले वाटलं, मावशीची."

मुखरूनं धुतलेल्या सदऱ्याची बाही उगाच खाली ओढली. "चंदाच्या आंदणात द्याची होती," एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

बाकीचं कांताबाईनं सांगितलं, टपरीवर, फडकं आपटत आपटत.

आशाबाई आणि तिचा नवरा ताराचंद पहिल्यांदा नागभीडला आले ते धर्मांतरानंतरच्या एका वर्षात. क्वार्टर मिळेपर्यंत भाड्याची खोली हवी होती. एकानं दिली. अनामत म्हणून रुपये घेतले, पण विहिरीवर चढू दिलं नाही. आशाबाई घागर घेऊन दूर उभी राहायची, कुणाला सवड झाली की वरून पाणी ओतलं जायचं. खोली सोडली तेव्हा मालकानं अनामत परत केली, पूर्ण, एक पैसा न कापता. ओसरीवर उभा राहून त्यानं ते रुपये वरून तिच्या पदरात टाकले.

"तवाच ठरवलं होतं तिनं," कांताबाई म्हणाली. "पुढं तिच्या सोताच्या खोल्या झाल्या. लोक आले भाड्यानं. कुणबी आले, तेली आले, मी आली. पैसे काढले की ती हात मांगं करे. म्हणे, पैशाले विटाळ नसते, भांड्याले असते. ज्यानं घरात रोज पेवाचं पाणी भरता ते भांडं आणा. नवं नाई, रोजचं. ते माह्या फळीवर माह्या भांड्याच्या बाजूले ठिवा. खोली सोडसान तवा घेऊन जा. ज्याले नाई पटलं तो परत गेला. मुखरूची माय तवा जित्ती होती, दोन दिवस जेवली नाई ते म्हातारी. मंग सोताच गुंडी घेऊन आली अन् आपल्या हातानं ठिवली."

"तुम्ही मले हे सांगाचं होतं कांताबाई. भांडी जाऊन दोन महिने झाले."

"तुले नाई माहीत हेच मले माहीत नोयतं! मले वाटलं, भांडी आत उचलून ठेवली असंल. सूर्य कुठून निंगते हे कोणी सांगते काय?" कांताबाईनं एक कप तिच्यापुढे सरकवला. "माही बी घागर होती त्याच्यात. घे, चहा पी. पैसे नाई घेत, तुह्यावर आता लय उधारी झाली."

रविवारी माजरीहून हरिदास आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, जेवायला बसला.

"मावशीनं लिहून देल्लं होतं काय? नाई ना. मंग तिनं घेतलं, तिच्यासंगं गेलं. तुहा काय संबंध? बाजारातून एक नवी गुंडी आण, त्याच्या हातात दे अन् मोकळी हो."

"नवी तं तो बी आणू शकते."

"मंग विक ना खोल्या. घेणाऱ्याले सांग, हे भाडेकरू अन् ह्या त्याईच्या गुंड्या."

"घर घेतलं तवा घरात ठेवलेलं बी घेतलं मी," सत्यशीला म्हणाली. "भाडं घेताना मी मावशीची वारस अन् भांडं देताना नोहे, असं कसं?"

हरिदासनं भाताचा घास कालवला. त्याला राग येत होता आणि बायकोचं म्हणणं कुठं मोडावं तेही सापडत नव्हतं. "ब्रह्मपुरीले तो भेटन तरी काय," तो शेवटी म्हणाला. सत्यशीलानं ते जाण्याची परवानगी असल्यासारखं घेतलं. ती तशीही जाणारच होती.

सकाळच्या छोट्या गाडीनं ती निघाली. पोत्यात स्टीलची सगळी भांडी, बादलीसकट. कांताबाईनं टपरी बंद ठेवली आणि बरोबर आली. "तुले माही घागर वळखू येणार हाये काय? तू तं फळीकडं पाह्यलं बी नाई कधी," असं तिनं गाडीत दोनदा ऐकवलं. मागच्या झाडाच्या नव्या चिंचा तिनं पदरात बांधून घेतल्या होत्या. गाडी जंगलातून जाताना माणसाच्या चालण्याइतकी हळू व्हायची. मोहाचा वास डब्यात शिरायचा आणि गाडीबरोबर बराच वेळ यायचा.

खुशालच्या दुकानापुढं स्टील होतं आणि मागच्या अंगणात पितळ. अंगणात पाय ठेवला आणि सत्यशीला जागीच थांबली. कमरेइतका ढीग. घागरी, गुंड्या, कोपर, परात, समया, आणि सगळं एकाच काळ्या रंगाचं. ढिगापलीकडं एक माणूस घणानं भांडी चेपत होता. चेपलेलं कमी जागेत मावतं. ट्रक भरला की माल भंडाऱ्याला जायचा, वितळायला.

"मोड कोणी परत मांगते काय बाई?" खुशाल हसला. "इतके वर्षं धंदा करून राह्यलो, पह्यल्यांदा आयकतो."

"लोकाईची अनामत होती भाऊ. माही नोयती, देल्ली मी. चूक माही हाये, तुमची नाई. तुमचं स्टील हे पाहा जसंच्या तसं आणलं."

खुशालनं पोत्यात डोकावलं. "वापरलेलं हाये."

"मंग त्याचे कापा. पण त्या माणसाले घण ठिवाले सांगा."

ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की खुशालनं वळून हाक मारली आणि घण थांबला. "परवा ट्रक येते," तो म्हणाला. "आजच्या आज काय सापडंल ते घ्या. वजनानं, आजच्या भावानं. अन् माहा ढीग परत मांडाचा तुम्हीच."

दोघी बसल्या. चिंच भिजवली, खुशालच्या चुलीतली राख मागून घेतली. भांड्यांवर नावं असतात, टिंबाटिंबांनी कोरलेली. ती वाचायची तर आधी वरचा काळा थर काढायला हवा होता. सत्यशीला एकेका भांड्याच्या पोटावर ओंजळीएवढी जागा घासायची, पाणी टाकायची, वाचायची आणि बाजूला ठेवायची. काळ्यातून पिवळं उघडायचं आणि पिवळ्यातून माणसं. कुणाची तरी आई, कुणाचा तरी मामा, कुणा पुतळाबाईला कुणीतरी लग्नात दिलेलं. वडसा, आरमोरी, मेंढा, अशी गावं. ती नावं वाचताना तिला वाटत होतं, आपण एखाद्या लग्नघरात शिरलो आहोत आणि वऱ्हाडी एकेक करून ओळख सांगतायत. आपल्याकडून कुणाची भांडी गेली हे तिनं इतके दिवस हिशेबासारखं धरलं होतं. आता तिची बोटं दुखायला लागली, नखांत चिंच झोंबायला लागली, तेव्हा तिला मुखरूची म्हातारी आई दिसली, दोन दिवस न जेवलेली, तिसऱ्या दिवशी गुंडी कडेवर घेऊन मावशीच्या दाराशी आलेली.

कांताबाईची घागर आधी सापडली. "पाह्य, माह्या बापानं देल्लेली," म्हणत तिनं ती मांडीवर घेतली आणि पुढचा अर्धा तास काहीच काम केलं नाही, नुसती घागर घासत बसली. शिंप्याचं, पोस्टमनचं सापडलं. मावशीची गुंडी सापडली. ती घासायची गरजच नव्हती, बोट फिरवलं तरी अक्षरं लागत होती. आशाबाई ताराचंद रामटेके. सत्यशीलानं ती आपल्यामागं ठेवली आणि मान खाली घालून पुढचं भांडं घेतलं.

उन्हं उतरली तरी मुखरूची गुंडी मिळाली नाही. ढीग संपला.

"ते राह्यलं," कांताबाईनं बोट दाखवलं. घणवाल्याच्या बाजूला चेपलेल्या भांड्यांची चळत होती.

सत्यशीला उठली. चळतीत वरून चौथं की पाचवं भांडं ते होतं, पानासारखं चपटं, एका बाजूनं दबून गेलेलं, गळा दुमडलेला. ओंजळीएवढी जागा तिनं घासली. भागरथाबाई बोरकुटे. नावाला घण लागला नव्हता.

खुशालनं वजन केलं. स्टील जाऊन वर जे द्यायचं निघालं त्यात तिचं त्या महिन्याचं भाडं गेलं. दुकानाच्या पायरीवरून खाली उतरताना खुशाल म्हणाला, "बाई, पुढच्या खेपेले तुमच्या दाराशी आलो तं काई देऊ नका मले." त्यावर ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

नागभीडच्या बाजारात भांड्यांचे पोचे काढणारा एक म्हातारा होता. त्यानं गुंडी उलटीपालटी केली आणि ही आता गुंडी राहिली नाही असं सांगितलं. सत्यशीला तिथंच बसून राहिली. शेवटी त्यानं ती घेतली, तापवली, आतून ठोकत ठोकत पोट बाहेर काढलं, दुमडलेला गळा उघडला, चीर गेली होती तिथं डाग दिला. दोन दिवसांनी गुंडी उभी राहिली. एका अंगाला झुकलेली.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं आणि ज्याचं त्याचं भांडं त्याच्यापुढं ठेवलं. मुखरूपुढं गुंडी ठेवताना म्हणाली, "भाऊ, ही तुमची. जशी ठेवली तशी नाई देता येत मले. चेपली होती."

मुखरूनं गुंडी उचलली, फिरवली, नावावर अंगठा ठेवला. कमलानं ती त्याच्या हातून घेतली, बोरिंगवर जाऊन भरून आणली आणि ओसरीवर ठेवली. सगळे गुंडीखालची जमीन ओली होते का ते बघत होते. झाली नाही. पण पाणी एका कडेला टेकलं आणि दुसरी कड कोरडी राहिली.

"पोट एकाकडं गेलं," कमला म्हणाली. "चुलीवर पाणी तापवाले चालते. आंदणात नाई चालत. व्याही म्हणन, पोरीच्या बापानं मोडीतून आणली." ती रागानं बोलत होती आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. "माह्या सासूनं मरताना सांगतलं होतं, चंदाले देजो म्हणून."

सत्यशीला आत गेली आणि मावशीची गुंडी घेऊन आली. रात्रीच तिनं ती पूर्ण घासली होती. ओसरीवर ठेवली तेव्हा तिच्यावर संध्याकाळ पडली.

"हे आंदणात द्या," ती म्हणाली. "तुमची गुंडी तुमचीच हाये, ते बी न्या. पण चंदासाठी मोडकी नोको. मावशीपाशी तुम्ही चांगली ठेवली होती, चांगलीच परत मिळाली पायजे."

मुखरूनं नाव वाचलं. मनातल्या मनात वाचलं तरी ओठ हलले. रामटेके या शब्दापाशी ते थांबले. हे नाव घेऊन गुंडी सिंदेवाहीला जाणार, सोयऱ्यांच्या घरी, पाण्याच्या जागेवर उभी राहणार, आणि येणारा-जाणारा ते वाचणार. ओसरीवरच्या प्रत्येकाला ते एकदमच समजलं.

"कानस मारली की नाव जाते," शिंपी हळूच म्हणाला. "दोन मिनिटांचं काम हाये."

"नाव राहीन," सत्यशीला म्हणाली. "न्याची असंल तं नावासकट न्या. नाई तं मी तुम्हाले बाजारातून बिना नावाची आणून देतो, भाऊ. राग नाई येणार मले. पण हे नाव मी घासू देणार नाई."

मुखरूनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तो वाकडी गुंडी घेऊन आपल्या खोलीत गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांचं सामान निघालं. खाट, पेट्या, कोंबड्यांचा खुराडा. सत्यशीला दारात उभी होती. सगळं गाडीवर चढल्यावर कमला एकटी परत आली, ओसरीवरच्या कोनाड्याजवळ ठेवलेली मावशीची गुंडी उचलली, पदराखाली घेतली, आणि "येतो बाई, लगनाले येजा," म्हणून निघून गेली. सत्यशीलाला त्यावरून काहीच ठरवता आलं नाही. पदराखालून गेलेलं भांडं तळोधीला पोचेपर्यंत कानशीखालून जाऊ शकत होतं. कमलाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर चटकन आलं नाही.

चैतात ती आणि कांताबाई तळोधीला लग्नाला गेल्या. मांडवावर जांभळीचे डहाळे होते, ऊन त्यातून गळत होतं. आंदणाची भांडी एका बाजूला मांडली होती, बहुतेक सगळं स्टील, ताटांच्या मागं डबे, डब्यांच्या मागं बादली. सत्यशीलानं नजर फिरवली. गुंडी त्यात नव्हती. तिनं पुन्हा पाहिलं. कांताबाईनं तिच्या कोपराला हात लावला.

मग मांडवाच्या खांबाजवळ, पाहुण्यांच्या पाण्याच्या जागेवर, एका तिवईवर तिला गुंडी दिसली. काठोकाठ भरलेली, बाजूला पेला. पिवळीधमक, आणि नाव मांडवाकडे तोंड करून.

वराकडचा एक म्हातारा पाणी प्यायला वाकला होता. अक्षरं मोठी होती, त्यानं ती सहज वाचली. "आशाबाई... ताराचंद... रामटेके." पेला त्याच्या हातात तसाच राहिला. "हे कोण जी?"

मुखरू शेजारीच उभा होता. डोक्यावर नवीन फेटा, तो सारखा डोळ्यावर येत होता. "आमच्या घरमालकीण होत्या नागभीडच्या," तो म्हणाला. "माह्या मायची गुंडी त्याईच्या घरी राह्यली. आता त्याईची चंदाच्या घरी येऊन राह्यली. आंदणातली हाये ते, संध्याकाळी गाडीवर चढन."

म्हाताऱ्यानं पेला तिवईवर ठेवला. तहान गेली की काय कोण जाणे, तो मांडवातून हळूहळू बाहेर निघाला. तेवढ्यात कमला आली, तोच पेला उचलून बुडवला, घटाघटा प्यायली आणि पदरानं तोंड पुसत मोठ्यानं म्हणाली, "पोराहो, पाणी थंड हाये, पेऊन घ्या." उन्हातून आलेली पोरं धावली. त्यांच्यामागं दोन बाया आल्या. दारापर्यंत गेलेल्या म्हाताऱ्यानं एकदा वळून पाहिलं, आणि जाऊन बाजेवर बसला. तो त्या दिवशी त्यातलं पाणी प्यायला नाही. गुंडी मात्र दुपारपर्यंत दोनदा भरावी लागली.

सत्यशीला पाणी प्यायला गेली नाही. तिला भीती वाटत होती की जवळ गेलं तर रडू येईल, आणि लोकांच्या लग्नात ते बरं दिसलं नसतं.

आखाड लागायच्या आत पहिल्या खोलीला माणूस मिळाला. रेल्वेच्या कामावर नवा लागलेला लालसू, एटापल्लीच्या बाजूचा, बायको बरोबर. फारसं मराठी येत नव्हतं. खोली आवडली, आणि मग त्यानं कमरेच्या गाठीला हात घालून, बोटं चोळत, अनामत किती म्हणून विचारलं.

कांताबाई आपल्या दारात भाजी निवडत होती. तिची घागर पुन्हा फळीवर आली होती, शिंप्याचं आणि पोस्टमनचं भांडंही. सत्यशीला दर शनिवारी ती सगळी उतरवून चिंचेनं घासायची आणि नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवायची. स्वतः पाणी मातीच्या घागरीतून प्यायची. स्टीलचा एक पेलाही पुन्हा घरात आला नव्हता.

"पैसे नोको," सत्यशीला म्हणाली. "घरात पाणी कशात भरता? रोजचं? ते आणा."

लालसूनं बायकोकडे पाहिलं. ती दोघं गोंडीत काहीतरी बोलली. मग बायकोनं संकोचून खांद्यावरचा दोर काढला. त्याला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा होता, वापरानं तपकिरी झालेला, तोंडाशी पानाची गुंडाळी घातलेली.

"पितळ नाई," लालसू म्हणाला.

"पाणी यातलंच पिता ना?"

"हो."

सत्यशीलानं तुंबा दोन्ही हातांनी घेतला. फळीवर तो बसायचा नाही, गडगडत होता. तिनं फळीला एक खिळा ठोकला आणि मावशीच्या गुंडीच्या रिकाम्या जागेवर तो दोरानं टांगला.

"हे बरं केलं," कांताबाई दारातून म्हणाली. "हे तुले मोडीत देता येत नाई."

बाहेर नागपूरची गाडी निघाली. कड्या वाजल्या, भांडी एकमेकांना लागून किणकिणली, आणि तुंबा खिळ्यावर थोडा हलला.